वाचक विचारतात : आपल्या दोन जिल्ह्यांएवढा देश, स्लोव्हेनिया

गेल्या अंकात मी युरोपातल्या स्लोव्हेनियाबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या, बहीण तिकडे राहते म्हणून माझं जाणं-येणं असतं एवढंच सांगितलं होतं, आणि त्यावर सातारा, सांगली, कराड, मिरज, वाई, तासगाव अशा सगळीकडून प्रश्न आले. बरेचसे सारखेच होते, ते एकत्र केलेत. नावं कुणाचीच छापत नाहीये, फक्त गाव दिलंय.

प्रश्न : आम्ही दोघंही साठीच्या पुढचे, शिक्षक म्हणून रिटायर झालो. टूरवाले म्हणतात बारा दिवसांत सात देश दाखवतो, त्यात स्लोव्हेनियाची एक रात्र आहे. एवढासा देश, एका रात्रीत होईल ना? आणि कुठल्या महिन्यात जावं? – कराड

काका-काकू, स्पष्ट सांगते, एका रात्रीत नाही होणार. देश छोटा आहे हे खरंय, साधारण 20 हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपला सातारा आणि सांगली जिल्हा जोडला की जवळपास तेवढंच क्षेत्रफळ होतं. पण माणसं बघा, आपल्या दोन जिल्ह्यांत 2011 च्या जनगणनेत 58 लाख होती आणि त्या अख्ख्या देशात 21 लाखांच्या आसपास आहेत. आता मला सांगा, कुणी परदेशातून आलं आणि म्हणालं एका रात्रीत महाबळेश्वर, कास, वाई, औंध, सांगलीचा गणपती सगळं करतो, तर आपण त्याला काय सांगू? तेच मी तुम्हाला सांगतेय. टूरवाले त्या एका रात्रीत ब्लेडचं तळं दाखवतात, फोटो काढून झाले की बसमध्ये बसवतात, आणि देश बघून झाला असं आपल्याला वाटतं.

किमान सहा-सात दिवस काढा आणि दोनच ठिकाणी मुक्काम करा. राजधानी लुब्लियाना एक, आणि ब्लेड किंवा बोहिन तळ्याजवळ दुसरा, कारण तिथून सगळं दोन-अडीच तासांच्या आत आहे आणि रोज बॅगा भरायला लागत नाहीत, या वयात तोच सगळ्यात मोठा त्रास असतो. लुब्लियानाचा मधला भाग 2007 पासून गाड्यांना बंद आहे, नदीकाठी निवांत चालायचं, आणि पाय दुखले तर कावालिर नावाच्या छोट्या इलेक्ट्रिक गाड्या असतात, हात केला की थांबतात, पैसे घेत नाहीत. योझे प्लेच्निक नावाच्या आर्किटेक्टने तिथले पूल, बाजार, लायब्ररी असं बरंच काही उभारलंय, 2021 मध्ये त्याच्या कामाला युनेस्कोच्या यादीत जागा मिळाली. शिक्षक आहात म्हणून मुद्दाम सांगते, शहराच्या मुख्य चौकात पुतळा आहे तो राजाचा किंवा सेनापतीचा नाही, फ्रान्से प्रेशेरेन या कवीचा आहे, आणि 8 फेब्रुवारीला, म्हणजे त्याच्या पुण्यतिथीला, देशभर सरकारी सुट्टी असते.

गुडघ्यांचं बघून ठिकाणं निवडा. पोस्तोयना गुहेत आत छोटी ट्रेन आहे, चालणं दीड किलोमीटरच, ते जमेल, पण आत बाराही महिने दहा डिग्रीच्या आसपास असतं तेव्हा स्वेटर हातात हवाच. श्कोत्स्यानच्या गुहा मला जास्त आवडतात, आत जमिनीखालून नदी वाहते आणि खूप उंचावरच्या पुलावरून आपण ती बघतो, पण पाचशेवर पायऱ्या आहेत, तेव्हा काकूंना विचारून ठरवा. ब्लेडच्या बेटावरच्या चर्चला 99 दगडी पायऱ्या आहेत. तळ्यात मोटरबोट चालवायला बंदी आहे, प्लेत्ना नावाची लाकडी होडी नेते आणि नावाडी उभं राहून दोन वल्ही मारतो, घाई करत नाही, तुम्हीपण करू नका.

महिना म्हणाल तर सप्टेंबर. गर्दी उतरलेली असते, हवा छान, डोंगरातली हॉटेलं चालू. जुलै-ऑगस्टमध्ये ब्लेडला पाय ठेवायला जागा नसते. मे महिनापण चांगला आहे, फक्त उंचावर बर्फ असतो.

प्रश्न : व्हिसाचं नीट सांगा ना, प्रत्येक एजंट वेगळंच सांगतोय. – सांगली

स्लोव्हेनिया शेंगेनमध्ये आहे, त्यामुळे एकाच व्हिसावर आजूबाजूचे ऑस्ट्रिया, इटली, हंगेरी आणि 2023 पासून क्रोएशियापण चालतं. अर्ज कुठे करायचा याचा नियम सोपा आहे, ज्या देशात सगळ्यात जास्त रात्री राहणार त्या देशाकडे, आणि रात्री सारख्या असतील तर जिथे पहिल्यांदा उतरणार त्यांच्याकडे. 'अमक्या देशाचा लवकर मिळतो, तिकडचा काढू आणि फिरू कुठेही' असं कुणी सांगत असेल तर ऐकू नका, एअरपोर्टवर बुकिंग बघायला मागतात.

फी मोठ्यांना 90 युरो, 6 ते 12 वर्षांच्या मुलांना 45, त्याहून लहानांना नाही, एजंटचे पैसे वेगळे. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, किमान पंधरा दिवस आधी तरी करावाच लागतो, पण पंधरा दिवसांवर अवलंबून राहू नका, कागद अडकले तर पंचेचाळीस दिवसांपर्यंत जाऊ शकतं. मेडिकल इन्शुरन्स किमान 30 हजार युरोंचा लागतो. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर तीन महिने तरी चालणारा हवा, दहा वर्षांच्या आतला हवा आणि दोन पानं कोरी हवीत. स्लोव्हेनियाची वकिलात दिल्लीत आहे, अर्ज आपल्याकडे कुठे घेतात ते वकिलातीच्याच साइटवर बघा, एजंटच्या सांगण्यावर नको.

आणि एक, फॉर्म भरताना, हॉटेल बुक करताना, विमानाचं तिकीट काढताना स्लोव्हेनिया आणि स्लोव्हाकिया यातली गल्लत टाळा. दोन्हीकडे युरो, दोन्ही शेंगेनमध्ये, झेंडेपण सारखे दिसतात, ड्रॉपडाउनमध्ये एकाखाली एक येतात, बोट घसरलं की संपलं. राजधानीचं नाव तपासा, लुब्लियाना असेल तर बरोबर, ब्रातिस्लावा आलं तर चुकलात.

12 ऑक्टोबर 2025 पासून युरोपात शिरताना शिक्क्याऐवजी फोटो आणि बोटांचे ठसे घ्यायला टप्प्याटप्प्याने सुरुवात झालीये, त्यामुळे पहिल्या एअरपोर्टवर रांग लांब असू शकते. मुंबईहून लुब्लियानाला थेट विमान नाही, फ्रँकफर्ट किंवा इस्तंबूलला बदलावं लागतं, तर दोन विमानांत तीन तास तरी ठेवा. शेंगेन असलं तरी क्रोएशिया आणि हंगेरीच्या सीमेवर 2023 च्या ऑक्टोबरपासून पुन्हा तपासणी सुरू केलीये, ओरिजिनल पासपोर्ट हॉटेलात ठेवून बाहेर पडू नका.

प्रश्न : आम्ही पूर्ण शाकाहारी आहोत, अंडंपण खात नाही. सासूबाई सोबत येणारेत. तिकडे उपाशी राहायची वेळ येईल का गं? – मिरज

नाही येणार काकू, पण नुसतं 'व्हेज' म्हणून भागणार नाही हे आधीच मनाशी धरा. तिथल्या गावाकडच्या जेवणात डुकराची चरबी आणि खारवलेलं मांस खूप ठिकाणी असतं आणि ते वरून दिसत नाही. सूप भाजीचं दिसतं, पण आत खारवलेला तुकडा उकळलेला असतो, योता नावाचं राजमा आणि आंबवलेल्या कोबीचं सूप आहे ते असंच. बटाट्याचं सारण भरलेले झ्लिक्रोफी, छोट्या उकडलेल्या करंज्यांसारखे, असतात, इद्रिया गावचे, दिसायला एकदम आपल्या कामाचे, पण सारणात चरबी असते.

मग खायचं काय, तर बरंच आहे. कुट्टूच्या पिठाचे झ्गान्त्सी असतात, आपल्या उकडपेंडीच्या जवळ जाणारे, ते आंबट दुधाबरोबर खातात, फक्त वरून चरबीचे कुरकुरीत तुकडे टाकतात ते नको म्हणून आधी सांगायचं. सोचा नदीच्या खोऱ्यात, बोवेत्सकडे, उकडलेले बटाटे आणि ताज्या पनीरसारखं स्कुता एकत्र देतात, साधं आणि पोटभर. भोपळ्याच्या बियांचं तेल तर मी येताना आणतेच, गडद हिरवं, काळपट म्हणा, सॅलडवर घातलं की भाजलेल्या दाण्यांचा वास येतो. मश्रूम सगळीकडे, ब्रेड उत्तम, सफरचंद-नासपती भरपूर. बऱ्याच चीजमध्ये प्राण्यांचं रेनेट असतं, म्हणजे दूध घट्ट करायला घातलेलं वासराच्या पोटातलं द्रव्य, सासूबाई ते पाळत असतील तर चीज सोडूनच द्या.

अंड्याचं मात्र जपा. ब्लेडची ती प्रसिद्ध क्रीम केक, चौकोनी, वर साखर भुरभुरवलेली, सगळे म्हणतात खाल्लीच पाहिजे, तिच्या क्रीममध्ये अंडं आहे. अक्रोडाची पोतित्सा (सारण घालून गुंडाळलेला गोड ब्रेड), पॅनकेक, श्त्रुक्लींचं (सारण भरून गुंडाळलेल्या वळकट्यांचं) पीठ, बहुतेक सगळ्यात अंडं. एक वाक्य कागदावर लिहून न्या आणि वेटरला दाखवा किंवा वाचून दाखवा : 'ने येम मेसा, रिब इन यायत्स', म्हणजे मी मांस, मासे आणि अंडी खात नाही. तिन्ही नावं घ्यायची, नाहीतर मांस नको म्हटल्यावर मासा आणून ठेवतात, त्यांच्या दृष्टीने ते वेगळं आहे, फसवायचा हेतू नसतो.

माझा खरा सल्ला हा की हॉटेलऐवजी किचन असलेलं अपार्टमेंट घ्या. सकाळ-संध्याकाळ घरी खिचडी, पोहे, दुपारी बाहेर. लुब्लियानाच्या मोठ्या बाजारात दुधाचं मशीन आहे, नाणं टाकलं की ताजं दूध मिळतं, ते कच्चं असतं, घरी आणून उकळायचं, सासूबाईंचा चहा झाला. शहरात इंडियन हॉटेलंही आहेत, पण रोज तिथे जाऊ नका, मग गेलातच कशाला.

प्रश्न : बहिणीला सातारी कंदी पेढे न्यायचेत, व्हॅक्यूम पॅक करून मिळतात. चालतील ना? – सातारा

नाही चालणार, आणि हे ऐकून वाईट वाटतं हे मला माहितीये. युरोपियन युनियनबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दूध आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे, जनावरांचे रोग पसरू नयेत म्हणून. पेढा खव्याचा, म्हणजे सगळं दूधच. पॅकिंग कितीही चांगलं असलं तरी पदार्थ तोच. तूप, पनीर, श्रीखंड, बर्फी हेही त्यातच येतं. आंबे आणि ताज्या भाज्याही सर्टिफिकेटशिवाय नेता येत नाहीत. कस्टमवाल्यांनी विचारलं तर लपवू नका, दंड होऊ शकतो.

त्याऐवजी सांगलीची हळद पावडर न्या, तासगावचे बेदाणे न्या, भडंग, शेंगदाण्याची चटणी, थालीपिठाची भाजणी, गूळ. हे सगळं नीट सीलबंद, वर नाव छापलेल्या पाकिटात असू द्या, वर्तमानपत्रात बांधलेली पुडी बघितली की तपासणारा शंका घेतोच. माझ्या बहिणीला विचाराल तर ती पेढ्यापेक्षा शेंगदाण्याच्या चटणीची वाट बघत असते.

औषधं न्यायची तर डॉक्टरच्या चिठ्ठीसकट, चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहून घ्या, ब्रँड तिकडे वेगळे असतात. तिथे चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक कुणी देत नाही. प्लग आपला दोन गोल पिनांचा बसतो, तीन पिनांचा बसत नाही, अडॅप्टर घ्या.

प्रश्न : मुलगा तिकडच्या कंपनीत आहे, त्याच्या साहेबांनी आम्हाला घरी जेवायला बोलावलंय. पहिल्यांदाच परक्यांच्या घरी जातोय, कसं वागायचं, काय न्यायचं? – वाई

ताई, हा प्रश्न वाचून मला फार बरं वाटलं, कारण घरी बोलावणं ही तिथे साधी गोष्ट नाही. लोक पहिल्या भेटीत जरा लांब राहतात, बोलतात मोजकं, हसतात बेताचं, आणि आपल्याला वाटतं यांना आपण आवडलो नाही. तसं नसतं. एकदा घरात घेतलं की मनापासून घेतात.

दारात गेल्यावर चपला-बूट काढायचे. हे आपल्याला शिकवायची गरज नाही, पण युरोपात सगळीकडे असं नसतं म्हणून सांगते, स्लोव्हेनियात घराघरात असतं. दाराजवळ पाहुण्यांसाठी घरात घालायच्या सपाता ठेवलेल्या असतात, त्यांना त्सोपाती म्हणतात, त्या घालायला देतील. नको म्हणून अनवाणी फिरू नका, थंड फरशीवर पाहुणा अनवाणी आहे हे यजमानीणबाईला बघवत नाही. यजमान स्वतःच 'राहू द्या, राहू द्या' म्हणाले तरी एकदा काढायला वाका, तिथेही तो आग्रहाचा भाग असतो.

वेळ पाळा. सातला बोलावलं असेल तर सात. साडेसहाला जाऊन त्यांना अवघडवू नका आणि पावणेआठला तर नकोच. हात मिळवायचा, बायकांशीसुद्धा, डोळ्यात बघून, 'दोबेर दान' म्हणायचं, संध्याकाळी 'दोबेर वेचेर'. आभाराला 'ह्वाला'. एवढ्या तीन शब्दांनी समोरचा माणूस सैल होतो हे मी पुन्हा पुन्हा बघितलंय.

फुलं न्यायला हरकत नाही, पण शेवंती न्यायची नाही. वाईकडे शेवंती म्हटलं की आपल्याला देवाची पूजा आठवते, हार, तोरणं, पण तिथे शेवंती ही कबरीवर ठेवायची फुलं. 1 नोव्हेंबरला सगळा देश आपापल्या माणसांच्या कबरीवर जातो, शेवंतीच्या कुंड्या ठेवतात आणि मेणबत्त्या लावतात, तुम्ही त्या सुमारास तिथे असाल तर संध्याकाळी एखाद्या दफनभूमीत शांतपणे जाऊन या, परक्यांनी गेलेलं त्यांना चालतं, फक्त फोटोसाठी कुणाच्या समोर उभं राहू नका, आपण आपल्या पितरांचं करतो तेवढ्याच मनापासून ते करत असतात.

सोबत आपल्याकडचं काहीतरी द्या, बेदाण्याचं पाकीट, हळद, पैठणीच्या कापडाची पर्स. फार महाग देऊ नका, मग त्यांना परतफेडीचं ओझं होतं. वाईनचा ग्लास समोर येईल, पीत नसाल तर ज्यूस मागा, कुणी गैर मानत नाही, पण 'ना झ्द्राव्ये' म्हणून ग्लास टेकवताना समोरच्याच्या डोळ्यांकडे बघायचं, ग्लासाकडे नाही. शाकाहाराचं मुलाकडून दोन दिवस आधी कळवा. पानात पडल्यावर नको म्हणणं त्यांना लागतं, त्या बाईने दिवसभर राबून केलेलं असतं.

जेवल्यावर उठून ताटं गोळा करायला मदत विचारा. कचरा मात्र मनाने कुठेही टाकू नका, कागद, काच, पॅकिंग, उष्टं असे वेगवेगळे डबे असतात आणि ते हे फार मनावर घेतात. भाड्याच्या अपार्टमेंटमध्येही हेच, आणि रात्री दहानंतर मोठ्याने बोलणं, व्हिडिओ कॉल स्पीकरवर, हे बंद.

प्रश्न : आम्ही चार मित्र गाडी भाड्याने घेऊन फिरणार. लायसन्स आपलं चालतं का, टोल कसा भरायचा? – इस्लामपूर

आरटीओतून इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट काढा, एक वर्ष चालतं, आणि मूळ लायसन्स सोबत न्या, दोन्ही लागतात. गाडी उजव्या बाजूने. दिवसासुद्धा हेडलाइट चालू ठेवायचे. दारूचं प्रमाण कायद्यात काहीही असो, तुम्ही शून्य धरा. झेब्रा क्रॉसिंगवर माणूस पाय टाकायच्या बेतात असला तरी थांबायचं, तो थांबेल असं धरून जाऊ नका, तो थांबत नाही कारण गाडी थांबणार हे त्याला माहीत असतं.

टोलचं असं की आनेवाडी-तासवडेसारखे नाके नाहीत. मोटरवेवर जायला ई-विन्येटा नावाचा पास ऑनलाइन घ्यायचा, आठवड्याचा, महिन्याचा असा, गाडीच्या नंबरवर. कॅमेरे तपासतात, नसेल तर दंड मोठा असतो. स्लोव्हेनियातच गाडी घेतलीत तर पास बहुतेक आधीच असतो, पण व्हेनिस किंवा झाग्रेबहून घेतलीत तर स्वतःच काढायला लागतो, तिथेच लोक अडकतात. 15 नोव्हेंबर ते 15 मार्च विंटर टायर सक्तीचे.

खंबाटकीत गाडी चालवायची सवय असेल तर वर्शिचचा घाट करा. 1611 मीटर उंच, 50 वळणं, प्रत्येक वळणावर नंबरची पाटी, क्रान्यस्का गोरा गावाच्या बाजूची वळणं दगडी फरशीची आहेत, ओल्यात घसरतात. पहिल्या महायुद्धात रशियन कैद्यांकडून हा रस्ता करून घेतला. 1916 मध्ये हिमकडा कोसळून त्यातले बरेच जण गेले आणि त्यांच्या सोबत्यांनी बांधलेलं लाकडी चॅपल वाटेत आहे. तिथे गाडी थांबवा.

प्रश्न : आमचा ट्रेकिंग ग्रुप आहे, सह्याद्री पूर्ण पालथा घातलाय. त्रिग्लाव एका दिवसात होईल का? – सातारा

त्रिग्लाव, म्हणजे स्लोव्हेनियाचं सगळ्यात उंच शिखर, 2864 मीटर, आपलं कळसूबाई 1646. आकड्यावरून सोपं वाटेल, पण फरक उंचीचा नाही, शेवटच्या कड्याचा आहे. वर लोखंडी खुंट्या आणि तारा लावल्यात, दोन्ही बाजूला खोल दरी, हेल्मेट आणि तारेला अडकवायचा बेल्टचा सेट लागतो. लिंगाणा केलेल्यांना जमेल, पण त्यांनीही एका दिवसाचा हट्ट धरू नये. क्रेदारित्साच्या आश्रयघरात, ते 2515 मीटरवर आहे, रात्र काढा आणि पहाटे वर जा, दुपारनंतर विजा चमकतात आणि वर लोखंडच लोखंड आहे. जागा आधी बुक करा. जूनच्या शेवटापासून सप्टेंबरपर्यंतच जायचं, तेही पहिल्यांदा गाइड घेऊन. इन्शुरन्समध्ये एवढ्या उंचीचा ट्रेक धरलाय ना ते वाचा.

हा डोंगर त्यांच्या राष्ट्रचिन्हावर आहे, झेंड्यावर आहे, नाण्यावर आहे. प्रत्येक स्लोव्हेनियन माणसाने एकदा तरी वर गेलं पाहिजे असं ते मानतात, आणि पहिल्यांदा माथ्यावर पोचणाऱ्याला दोरीचे हलके फटके देतात, मान म्हणून, तेव्हा कुणी दोर काढला तर दचकू नका. वर जो छोटा धातूचा मनोरा आहे तो याकोब अल्याझ नावाच्या धर्मगुरूने 1895 मध्ये बसवला, डोंगराचा माथा आपल्या लोकांचा राहावा म्हणून आधी तेवढी जागाच विकत घेतली होती त्याने. मला ही गोष्ट फार मोठी वाटते.

वाटेवर लाल वर्तुळ आणि आत पांढरा ठिपका, ही खूण बघत चालायचं, देशभर तीच आहे, 1922 पासून. वाटेत भेटणाऱ्या प्रत्येकाला 'दोबेर दान' म्हणायचं, शहरात न बोलणारी माणसं डोंगरात बोलतात. तंबू टाकायला, फुलं तोडायला, ड्रोन उडवायला नॅशनल पार्कात बंदी आहे. कचरा खाली घेऊन यायचा. अडचणीत 112.

ज्यांना चढ नको त्यांनी वेलिका प्लानिनाला जा, रोपवे आहे, वर धनगरांची लाकडी घरं, उन्हाळ्यात गुरं घेऊन ते खरंच राहतात. त्यांच्या दारात विचारल्याशिवाय शिरू नका, कासला फुलांत शिरणाऱ्यांचा आपल्याला जसा राग येतो तसा त्यांनाही येतो.

प्रश्न : मी महाबळेश्वर भागातला मधपाळ. ऐकलंय की तिकडे मधमाशांचं फार आहे, बघण्यासारखं काही आहे का? – जावळी

दादा, तुमच्यासाठी तर हा देश वारीसारखाच आहे. 20 मे हा जागतिक मधमाशी दिवस स्लोव्हेनियाने मागितला म्हणून युनोने 2017 मध्ये मान्य केला. तो अंतोन यान्शा या माणसाच्या नावाने आहे, 1734 चा जन्म, शेतकऱ्याचा मुलगा, चित्रकार व्हायला व्हिएन्नाला गेला आणि महाराणी मारिया तेरेझाने त्याला मधमाशीपालन शिकवायला नेमलं. 2022 मध्ये तिथलं मधमाशीपालन युनेस्कोच्या वारसा यादीत आलं, त्याच वर्षी आपल्या मांघरला मधाचं गाव म्हणून मान मिळाला.

तिथे मधपेट्या रानात सुट्या ठेवत नाहीत, लाकडाचं एक घरच बांधतात आणि त्यात पेट्या कपाटातल्या खणांसारख्या एकावर एक लावतात, मधपाळ आतल्या बाजूने चौकटी काढतो, पाऊस असो बर्फ असो. पेट्यांच्या पुढच्या फळ्यांवर चित्रं काढायची पद्धत, संतांची, शिकाऱ्यांची, गावातल्या भांडणांची, जुन्यात जुनी फळी 1758 ची आहे. रादोवलित्सा गावात यांचं म्युझियम आहे, ब्लेडहून अगदी जवळ. माशी एकच जात पाळतात, क्रान्यस्का, करडी, शांत, आणि दुसरी जात आणायला परवानगी नाही. आपली देशी सातेरी माशी टिकवायची म्हणून तुमची जी धडपड चालते ती तिथल्या मधपाळाला एका वाक्यात कळेल. नोव्हेंबरच्या तिसऱ्या शुक्रवारी शाळांमधून मुलांना ब्रेड, लोणी, मध, दूध आणि सफरचंद असा नाश्ता देतात, सगळं जवळच्या शेतातलं. हे आपल्या जिल्हा परिषद शाळांत सुरू व्हावं असं मला मनापासून वाटतं, मध आपल्याकडेही आहे आणि मुलंही आहेत.

छोटे प्रश्न, एकत्र

रविवारी दुकानं? बंद. 2020 च्या कायद्याने रविवारी आणि सणाच्या दिवशी मोठी दुकानं बंद असतात, पेट्रोल पंप आणि काही छोटी दुकानं उघडी. शनिवारी भाजी-दूध भरून ठेवा. नळाचं पाणी प्या, बिनधास्त, 2016 मध्ये त्यांनी पिण्याच्या पाण्याचा हक्क घटनेतच लिहिला. टीप बंधनकारक नाही, बिल बरं वाटलं तर वरचे पैसे सोडा. लुब्लियानाच्या सिटी बसमध्ये रोख घेत नाहीत. संडासात जेट नसतो, रिकामी बाटली जवळ ठेवा. मुक्कामाला माणशी रोजचा टुरिस्ट टॅक्स वेगळा लागतो.

प्रश्न : आमची द्राक्षबाग आहे. शेतकऱ्याच्या घरी राहायला मिळेल का? – तासगाव

मिळेल, आणि तुम्ही तसंच राहा. टुरिस्टिच्ना क्मेतिया अशी पाटी असते, शेतकऱ्याच्या घरी खोली आणि घरचं जेवण, कार्ड घेतीलच असं नाही, रोख ठेवा. तोडणी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये असते. मारिबोरला घराच्या भिंतीवर चढवलेला चारशे वर्षांपेक्षा जुना द्राक्षवेल आहे, अजून फळ धरतो, गिनीज बुकात नाव आहे, तुम्ही छाटणी करणारे लोक, त्या खोडाशी तुम्ही तासभर उभे राहाल. त्या भागातल्या बागांत उंच खांबावर लाकडी पंखा दिसेल, क्लोपोतेत्स, वारा आला की खडखड वाजतो आणि पाखरं उडतात, द्राक्षं भरायला लागली की उभारतात आणि तोडणी झाल्यावर काढतात. आपण डबे वाजवतो, जाळ्या टाकतो, ते बघून तुम्हाला काही सुचेलही.

वाइपावा आणि कार्स्ट भागात ओस्मित्सा विचारा. 1784 मध्ये सम्राट दुसऱ्या योसेफने शेतकऱ्यांना आपल्याच घरी आठ दिवस आपली वाईन विकायची मुभा दिली, तेव्हापासूनची पद्धत आहे. वर्षातले ठरावीकच दिवस घर उघडं असतं, आणि रस्त्याच्या वळणावर आयव्हीच्या वेलीची डहाळी बांधलेली दिसली की त्या बाजूला जायचं. ब्रेड, चीज, त्यांच्या घरचं सगळं समोर येतं, एका बाकावर अनोळखी माणसांसोबत बसायचं. तुमचे बेदाणे खिशात ठेवा आणि त्यांच्या टेबलावर मूठभर ठेवा, भाव, रोग, पाऊस, सगळं बोलणं तिथूनच सुरू होईल. फक्त गाडी चालवणाऱ्याने त्या दिवशी द्राक्षाचा रसच घ्यावा.